तिसऱ्यांदा विचारल्यावर

सालिमकाकांना ‘कसे आहात’ विचारायचं आणि उत्तर ऐकून पुढे चालू लागायचं, हा त्यांच्या लेखी उद्धटपणा होता. मला हे कळायला महिना लागला. तोवर मी रोज सकाळी साडेनऊला हा उद्धटपणा करत होते, तोही हसतमुखाने, कारण हसतमुख राहणं हा माझ्या नोकरीचा भाग होता.

नोकरी अमेरिकेतल्या हर्नडन गावी, एका वृद्धांच्या डे केअरमध्ये. नवऱ्याच्या व्हिसावर आठ वर्षं घरी बसून मी पोळ्या लाटल्या, मुलगी वाढवली, आणि वर्क परमिट हातात पडल्यावर जी पहिली नोकरी मिळाली ती धरली. हुद्दा अ‍ॅक्टिव्हिटी असिस्टंट. म्हणजे सकाळी व्हॅनमधून उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना हात द्यायचा, कॉफी द्यायची, खुर्चीतले व्यायाम करून घ्यायचे, बिंगो खेळवायचा आणि चार वाजता सगळ्यांना परत व्हॅनमध्ये बसवायचं. जळगावला आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे बालवाडीच की गं." तिचं काही चुकलं नव्हतं. फक्त आमच्या बालवाडीत कोरियन होते, पंजाबी होते, एल साल्वाडोरचे होते, आणि एक सालिमकाका होते.

त्यांच्या फाइलवर भाषेच्या रकान्यात ‘अरबी’ लिहिलेलं होतं. अरबी त्यांना येत होती, पण ती त्यांची नव्हती. येमेनच्या पूर्व टोकाला, ओमानच्या सीमेला लागून महरा नावाचा मुलूख आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळवंट. तिथले लोक मेहरी आणि त्यांची भाषाही मेहरी. अरबीच्या भाऊबंदांतलीच आहे म्हणतात, पण अरबी माणसाला ती कळत नाही. शाळेत शिकवत नाहीत, तिच्यात पेपर निघत नाही, कोर्टकचेरी चालत नाही. आईने पोराला द्यायची आणि पोराने पुढे, एवढ्यावरच ती आजवर चालत आलेली.

मला हे सगळं त्यांनीच सांगितलं, आणि तेही हिंदीत. काकांची उमेदीची वर्षं शारजाच्या धक्क्यावर गेली होती, केरळच्या आणि रत्नागिरीच्या खलाशांबरोबर माल उतरवण्यात. त्या धक्क्यावरची हिंदी ते बोलत. मैं जायेगा, तू जायेगा, बकरी जायेगा, सगळ्यांचं जाणं एकसारखंच. रत्नागिरीकरांकडून दोन मराठी शब्दही उचलले होते. मी मराठी आहे कळल्यावर त्यांनी मोठ्या ऐटीत मला विचारलं, "जेवला काय?" मी बाई आहे, ‘जेवलीस का’ म्हणतात, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी कुणी जेवल्याची चौकशी करत होतं, त्यात व्याकरण कशाला काढायचं!

उंच, काटकुळा माणूस. डोक्याला शालीचा फेटा, खाली लुंगी, आणि वर मुलाचं विमानतळावरचं चकाकत्या पट्ट्यांचं पिवळंधमक जॅकेट. मुलगा मुसल्लम विमानतळावर कार्गोत कामाला होता. त्यानेच वडिलांना इकडे आणलं होतं. काका खुर्चीवर पाय खाली सोडून कधी बसले नाहीत. एक गुडघा वर, दुसरा पाय दुमडलेला. कमरेला एक पुरचुंडी, तिच्यात लोबानचे खडे. जेवण झालं की एक खडा तोंडात टाकून चघळत बसायचे. त्यामुळे त्यांच्या जवळपास नेहमी दर्ग्यासारखा वास यायचा.

तो वास सगळ्यांना चालायचा. दुसरा चालला नाही. एकदा गावाहून कुणीतरी त्यांच्यासाठी सुकवलेले तारली मासे आणले होते. काकांनी ते रुमालात बांधून सेंटरमध्ये आणले आणि जरा ऊब द्यावी म्हणून खिडकीखालच्या हीटरवर पसरले. माझं माहेर कांदाही मोजून खाणारं. दहा मिनिटांत माझे डोळे पांढरे झाले. जेनिफर, म्हणजे आमची डायरेक्टर, गॅस लीक समजून सगळ्यांना थंडीत बाहेर काढायला निघाली. काका शांतपणे म्हणाले, "ये हम ऊंट को देता. ऊंट नहीं, तो मेहमान को देता." मिसेस पार्क नावाच्या कोरियन आजींनी तेवढ्यात चार मासे तोंडात टाकलेही होते. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं, पण हीटरजवळच्या दोन खुर्च्या कायमच्या ठरल्या.

दुपारी काका बहिणीशी ‘बोलत’. बहीण गावी, शेळ्या राखणारी. ती फोनवर आवाजाचे निरोप रेकॉर्ड करून पाठवायची. काका ते पूर्ण आवाजात लावायचे आणि मग फोन तोंडासमोर पापडासारखा आडवा धरून उत्तर द्यायचे. त्या भाषेत एक उच्चार होता, गरम बटाटा तोंडात फिरवताना गालाच्या बाजूने वाफ सोडावी तसा. मी तो करून बघितला की काका पोट धरून हसायचे. मला त्यांनी पाण्याला ‘हमोह’ शिकवलं, समुद्राला ‘रौरम’. मला हाक मारायचे ‘हब्रीत’. म्हणजे मुलगी.

एकदा मी विचारलं, तुम्हाला तीन भाषा येतात, मग मेहरीतच काय एवढं? ते म्हणाले, "अरबी में मैं मेहमान. हिंदी में मैं हमाल. घर बस मेहरी में."

मुसल्लमला मेहरी कळायची, पण तो उत्तर अरबीत द्यायचा. शारजाच्या शाळेत वाढलेला मुलगा. मला यावर बोलायचा काही अधिकार नाही. माझी इरा घरात मला इंग्रजीत उत्तर देते आणि मीही आता जेवायला ये म्हणताना ‘कम फास्ट’ म्हणते.

जेनिफरच्या डोक्यातून एकदा ‘कल्चर डे’ निघाला. प्रत्येकाने आपापल्या भाषेत ‘नमस्कार’ लिहायचा, ते कागद भिंतीवर लावायचे. काकांनी कागद परत दिला. मी समजावलं, की ही भाषा लिहीत नाहीत. जेनिफर म्हणाली, "दॅट्स ओके, त्यांच्या अल्फाबेटमध्ये लिहू देत." काकांनी बराच विचार केला. मग मार्करने एक आडवी रेघ आणि तिच्या शेपटाला आकडा, असं काहीतरी काढलं. ती त्यांच्या टोळीची खूण होती, उंटाच्या मानेवर डागतात ती. वाळवंटात कुणाचा उंट हे त्या खुणेवरून कळायचं. कुणीतरी तो कागद उलटा लावला. काका दिवसभर त्या भिंतीकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी व्हॅन यायच्या आत मी तो सरळ केला. आत आल्या आल्या त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम पढता!" मला अजून कुठल्या प्रशस्तिपत्राने इतका आनंद झालेला नाही.

आता ती सकाळची गोष्ट. मी महिनाभर "कैसे हो काका?" विचारत होते, ते "खैर" म्हणत होते आणि मी पुढच्या म्हाताऱ्याकडे जात होते. एक दिवस त्यांनी माझी बाही धरली. "तुम पूछता, फिर भागता. क्यों पूछता?" मला शेजारी बसवलं, कॉफी मागवली आणि शिकवलं.

त्यांच्याकडे माणूस भेटला की आधी बातमी विचारतात. खबर? समोरचा म्हणतो, खैर. सगळं चांगलं. मग पुन्हा विचारायचं, मागे काय खबर? तो पुन्हा म्हणतो, खैरच. मग त्याला बसवायचं, कॉफी द्यायची, खजूर द्यायचा. कॉफी पोटात गेली की तिसऱ्यांदा विचारायचं. तेव्हा तो खरी बातमी सांगतो. पाऊस कुठे पडला, कोण आजारी, कुणाचं भांडण, कोण गेलं. बातमी सांगून झाली की तो तुम्हाला विचारणार, आणि तुम्ही तुमची सांगायची.

"आणि भाऊ मेला असेल तरी आधी खैर?" मी विचारलं.

"हां. भाई मर गया. अब उसको क्या जल्दी?" ते म्हणाले. "आदमी दूर से आया, थक गया. खडे ऊंट से सामान नहीं उतारता, हब्रीत. पहले बिठाओ."

मला ते फार आवडलं. अमेरिकेत ‘कसे आहात’ला ‘गुड’ म्हणतात, आपल्याकडे ‘बरंय’ म्हणतात. खोटं बोलण्यात तिन्ही मुलखांत काही डावंउजवं नाही. काकांच्या मुलखात पुन्हा विचारतात, एवढाच फरक. तेव्हापासून मी रोज सकाळी पंधरा मिनिटं काढली. खैर, खैर, कॉफी, आणि मग बातमी. बहिणीच्या शेळीला जुळी झाली. मुसल्लमचं नळावरून घरमालकाशी वाजलं. मग माझी पाळी. इरा कार मागते आहे, नवऱ्याची नोकरी डळमळते आहे, आईचे गुडघे गेले. इतकं सलग मी देशात असतानाही कुणाशी बोलले नव्हते.

आणि याच रीतीने घात केला.

महिन्यातून एकदा नर्स यायची. फोनवर अरबी दुभाषी, स्पीकर चालू. काही दुखतंय? शून्य ते दहामध्ये किती? काका म्हणायचे, खैर. दुभाषी म्हणायचा, तो म्हणतोय सगळं छान आहे. नर्स शून्य लिहायची. यात कुणाचं काय चुकलं? नर्सने विचारलं, दुभाष्याने बरोबर सांगितलं, काकांनी शिष्टाचार पाळला. भल्या माणसाने पहिल्या विचारण्याला जे उत्तर द्यावं ते त्यांनी दिलं, आणि दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही.

नोव्हेंबरमध्ये त्यांचं जेवण कमी झालं. अर्धं केळं उरायला लागलं. लुंगीची गाठ आत आत सरकत होती. एका गुरुवारी खैर, खैर झालं, कॉफी झाली, मी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पेट में दर्द. खून जाता. गर्मी से."

गर्मी म्हणजे उन्हाळ्यापासून! मी ताडकन उठले. म्हटलं, आत्ता मुसल्लमला फोन लावते.

त्यांनी पुन्हा माझी बाही धरली. "खबर मेरा. मैं देगा. मुसल्लम अभी खडा है. बैठेगा, तब."

मुसल्लम खरंच उभा होता. त्याची बायको आणि दोन मुलं व्हिसाच्या मुलाखतीसाठी तिसऱ्याच देशात अडकून पडली होती. तारीख जानेवारीतली. त्याने सुट्ट्या साठवल्या होत्या, डबल शिफ्ट करत होता. मुलं आली, घर भरलं, मुलगा टेकला, की काका सांगणार होते. तोवर मी गप्प राहायचं. त्यांनी स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. त्यांच्याकडे शब्द असा देतात. मग माझ्याकडे बघत राहिले. मीही माझ्या नाकाला बोट लावलं.

मी का लावलं? मला वाटलं, मी या माणसाची रीत समजणारी एकटीच इथे आहे, आणि त्याचा मान राखते आहे. शहाणपणाचा आव आणणारी माणसं अशी असतात. तीन आठवडे मी रोज तिसऱ्यांदा विचारत होते, रोज ते थोडं थोडं सांगत होते, आणि रोज मी ते ऐकून बिंगोचे पत्ते वाटायला जात होते.

तीन आठवड्यांनी धीर सुटला. नर्सला गाठलं. ती चांगली होती, माझ्याकडे वळून नीट ऐकत होती. पण फाइलमध्ये शून्य, शून्य, शून्य. तिने माझ्यासमोर पुन्हा दुभाष्याला फोन लावला. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, खैर. मी म्हटलं, "अजून दोनदा विचारा ना, प्लीज. बसून." ती म्हणाली, "शुभा, तू सर्टिफाइड इंटरप्रिटर नाहीस. पेशंट नाही म्हणतोय, मी त्याच्या तोंडात शब्द कसे घालू?" तिचं तरी काय चुकलं?

त्याच दिवशी चार वाजता मुसल्लम त्यांना न्यायला स्वतः आला होता. पार्किंगमध्ये मी त्याला थांबवलं. सांगितलं, की बाबा जेवत नाहीत, पोट दुखतंय, रक्त जातंय, डॉक्टरकडे ने. तो गाडीची किल्ली हातात धरून उभाच राहिला. "सिस्टर, तुम को कब पता चला?"

"आज," मी म्हटलं. माझ्या तोंडून तेच निघालं.

त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. गाडीत पुढच्या सीटवर काका बसले होते. काच बंद होती, पण त्यांना कळलं असणार. त्यांनी तोंड फिरवलं.

रोग पसरला होता. तपासण्या, पुन्हा तपासण्या, आणि मग डॉक्टरांनी हात टेकले. त्या तीन आठवड्यांनी काही फरक पडला नसता, असं माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीने मला सांगितलं. ती भली मैत्रीण आहे, पहिल्यांदा विचारल्यावर असंच सांगतात. मी तिला पुन्हा विचारलं नाही.

मुलाखत पुढे ढकलली गेली. जानेवारी गेला, सूननातवंडं आली नाहीत. फेब्रुवारीत मुसल्लमचा फोन आला, बाबा ओळखतात की नाही कळत नाही, तुम्ही याल का? मी लंच ब्रेकमध्ये हॉस्पिटलकडे गाडी काढली.

काका पलंगावर इतके लहान दिसत होते की आधी मला वाटलं मी खोली चुकले. फेटा नव्हता. पांढरे विरळ केस मी पहिल्यांदाच पाहिले आणि उगाच शरमल्यासारखं झालं. ते बोलत होते. भरभर, न थांबता. हॉस्पिटलच्या नर्सने सांगितलं, असंबद्ध बोलताहेत, कन्फ्यूज्ड आहेत. चाकाच्या स्टँडवरच्या टॅब्लेटवर अरबी दुभाषीण होती. तीही सांगत होती, "मॅम, हे अरबी नाही. मला माहीत नाही ही कुठली भाषा आहे." तापात आणि औषधांत त्यांची हिंदी गेली होती, अरबी गेली होती. उरली होती ती मेहरी, आणि ती ते स्वच्छ बोलत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बडबड कोणती आणि बोलणं कोणतं, एवढं इतक्या सकाळींनंतर कळत होतं. मी टॅब्लेटवरची भाषांची यादी खालीवर केली. मराठी होती. कुठल्याशा बेटांवरची मार्शलीज होती. मेहरी नव्हती.

"मुसल्लम, काय म्हणताहेत?" मी विचारलं.

तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. "थोडा समझता हूं, सिस्टर. पानी. माँ. कोई कुआं है. बाकी नहीं. बहुत पुराना मेहरी है, बुढ्ढे लोग का." मग इंग्रजीत म्हणाला, "आय ऑल्वेज आन्सर्ड हिम इन अ‍ॅरबिक." आणि रडायला लागला. त्याने ते बोलणं रेकॉर्ड करून आत्याला पाठवलं होतं. तिकडे दोन दिवस वीज नव्हती. निरोप पोचलाच नव्हता.

काका बोलत राहिले. मधेच हात वर करून दिशा दाखवायचे, बोटं मोजायचे, एकदा हसलेसुद्धा. एवढी मोठी बातमी त्यांनी मला कधीच सांगितली नव्हती. मी मान हलवत होते. दुसरं काय करणार? मग ते थांबले. माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "खबर?"

तो शब्द कळायला दुभाषी लागत नाही. मी म्हटलं, "खैर, काका."

ते वाट बघत राहिले. पुन्हा म्हणाले, "खबर?"

"खैर."

तिसऱ्यांदा त्यांनी नुसत्या भुवया उचलल्या. मी खुर्ची ओढून बसले आणि मराठीत बोलू लागले. म्हटलं, काका, मला नोव्हेंबरच्या त्या गुरुवारी कळलं होतं. मी तीन आठवडे बसून राहिले. तुम्ही शब्द घेतलात म्हणून नाही हो, मला अभिमान वाटत होता म्हणून. नंतर तुमचा शब्दही मोडला, आणि तुमच्या मुलाशी खोटंही बोलले. तो मला देव मानतो. मला माफ करा. ते शेवटपर्यंत ऐकत होते. जिथे मी अडखळले तिथे त्यांनी मान हलवली, म्हणजे पुढे बोल.

माझं संपल्यावर मुसल्लमने डोळे पुसले. "सिस्टर, क्या बताया उन को?"

"काही नाही," मी म्हटलं. "सब खैर है, असं सांगितलं."

"थँक यू," तो म्हणाला. "तुम उस दिन नहीं बताता, तो हम को पता भी नहीं चलता."

काका आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मुसल्लमने पुन्हा विचारलं नाही.